अळ्या, रक्त आणि जनतेचा पैसा

१९७५ साली कॅनडातल्या ‘सॅटरडे नाइट’ मासिकात एक सिनेपरीक्षण छापून आलं. लिहिणारे रॉबर्ट फुलफर्ड हे त्या मासिकाचे संपादकच; सिनेमावर ते मार्शल डिलेनी या टोपणनावाने लिहीत. मथळ्याचा आशय असा होता: हा सिनेमा किती वाईट आहे ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण त्याचे पैसे तुम्हीच भरलेत.

सिनेमा होता ‘शिव्हर्स’. दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्ग तेव्हा नुकताच तिशी ओलांडलेला. मॉन्ट्रियलच्या नन्स आयलंडवर एक उंच, आलिशान इमारत. दुकान, दवाखाना, पोहण्याचा तलाव, सगळं आतच. तिथे एका डॉक्टरने प्रयोगशाळेत वाढवलेला परोपजीवी जीव एका तरुणीच्या शरीरातून इमारतभर पसरतो. तोंडातून तोंडात, न्हाणीघरातल्या टबच्या मोरीतून, कपडे धुण्याच्या खोलीतून तो माणसांपर्यंत पोहोचतो आणि ज्याच्या पोटात शिरेल त्याच्या वासनेला धरबंध उरत नाही. हा जीव परग्रहावरचा नाही, पण परग्रहावरून आलेल्या परोपजीवींच्या सिनेमांशी त्याचं सख्खं नातं आहे. बाहेरचं काहीतरी आत शिरतं आणि माणूस स्वतःचा राहत नाही, हीच त्या सगळ्यांची गोष्ट. बजेट दोन लाख कॅनेडियन डॉलरच्या आत, चित्रीकरण १५ दिवसांत उरकलेलं, आणि पैसा घालणाऱ्यांत कॅनेडियन फिल्म डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे सरकारने १९६७ साली कायदा करून उभं केलेलं महामंडळ.

फुलफर्डच्या लेखाने गदारोळ झाला. प्रकरण संसदेपर्यंत गेलं. जनतेच्या पैशातून असली घाण का पोसायची, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो आजही जिथे जिथे सरकार सिनेमाला हात देतं तिथे विचारला जातो. माझं उत्तर स्पष्ट आहे: पोसावी. विशेषतः ज्या भाषेचा किंवा देशाचा सिनेमा एका मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत वाढतो, तिथल्या सरकारने स्वस्त, किळसवाण्या, अंगावर काटा आणणाऱ्या सिनेमासाठी आपल्या निधीतला एक वाटा हक्काने राखून ठेवावा.

‘शिव्हर्स’ देशोदेशी विकला गेला आणि महामंडळाचे पैसे परत करणाऱ्या मोजक्या सिनेमांत त्याची गणना झाली. पुढे क्रोनेनबर्गच्या ‘द फ्लाय’ला रंगभूषेचं ऑस्कर मिळालं, १९९९ साली तो कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाचा अध्यक्ष झाला, कॅनडाने त्याला आपला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. हे सगळं सांगून फुलफर्डना गप्प करणं सोपं आहे, पण तो खरा प्रतिवाद नव्हे. तो सिनेमा आपटला असता, दिग्दर्शक विस्मरणात गेला असता, तर काय? तरीही तो पैसा योग्य जागी गेला होता का, याचं उत्तर द्यायला हवं. करदात्याला जाब विचारायचा पूर्ण अधिकार आहे आणि त्याला पारितोषिकांची यादी तोंडावर फेकून चालत नाही.

आधी या सिनेमांचं अर्थकारण बघू. परग्रहवासीयांची स्वारी दाखवायची तर अंतराळयानं हवीत, लष्कर हवं, कोसळणारी शहरं हवीत. परोपजीवीला यातलं काही लागत नाही. तो माणसाच्या आत राहतो. नेहमीच्या कपड्यांतला नट नेहमीच्या स्वयंपाकघरात उभा आहे, फक्त तो क्षणभर जास्त वेळ बघत राहतो, एवढ्यात प्रेक्षकाला कळतं की हा आता तो नाही. सगळा खर्च नटाच्या चेहऱ्यात, प्रकाशात आणि दोन-तीन नेमक्या प्रसंगांच्या रंगभूषेत. इटलीत मारिओ बाव्हाने १९६५ साली मृत अंतराळवीरांच्या देहांचा ताबा घेणाऱ्या परग्रहवासीयांचा सिनेमा केला, ‘प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स’. अख्खा परका ग्रह उभा करायला आपल्याकडे प्लास्टिकचे दोन खडक होते, असं तो सांगत असे. बाकीचं काम आरशांनी आणि धुराने केलं. रंगीत धुकं आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

‘शिव्हर्स’मधला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एक माणूस पलंगावर पडून स्वतःच्या पोटाकडे बघतो आहे आणि कातडीखाली काहीतरी सरकतं आहे. रंगभूषाकार जो ब्लास्कोने नटाच्या पोटावर कृत्रिम कातडी बसवली, तिच्याखाली फुगे ठेवले आणि नळीने त्यांत हवा भरत-सोडत तो उंचवटा हलवला. पुढच्या दहा वर्षांत हॉलीवूडच्या भयपटांत ही युक्ती सर्रास दिसू लागली. ती जन्मली ती पैसा नव्हता म्हणून, आणि करून बघायला कुणीतरी थोडासा पैसा दिला म्हणून. चार वर्षांनी आलेल्या ‘एलियन’मध्ये छाती फोडून जीव बाहेर येतो ते साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण त्या सिनेमामागे कोटीभर डॉलर होते. इतका पैसा मिळेपर्यंत कारागिराचा हात कुठे बसायचा, हा खरा प्रश्न आहे.

जनतेच्या पैशाचं याहून जुनं उदाहरण ब्रिटनचं आहे. १९५३च्या उन्हाळ्यात बीबीसीने ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही सहा भागांची मालिका थेट प्रक्षेपित केली. परवाना शुल्कावर चालणारी संस्था, म्हणजे घराघरातून गोळा झालेला पैसा. लेखक नायजेल नील बीबीसीतच नोकरीला. तीन अंतराळवीर जातात, यान परत येतं, आत एकच माणूस. उरलेले दोघे कुठे गेले? ते त्याच्या आतच आहेत, आणि सोबत आणखी काहीतरी आहे जे त्याला हळूहळू वनस्पतीसारख्या कशात तरी बदलत नेतं. शेवट होतो वेस्टमिन्स्टर ॲबीत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिथे राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला होता आणि तो बघण्यासाठी असंख्य घरांनी पहिल्यांदा टीव्ही विकत घेतला होता. अडीच महिन्यांनी त्याच पडद्यावर त्याच वास्तूत एक राक्षसी वेल पसरलेली त्यांनी पाहिली. आणि ती वेल म्हणजे काय, तर नीलचे स्वतःचे हात. त्याने आणि त्याच्या भावी पत्नीने, ज्युडिथ करने, हातमोज्यांवर पानंफांद्या चिकटवल्या. ॲबीच्या आतल्या भागाचा मोठा फोटो लावून त्यात भोकं पाडली आणि लेखकाने त्यातून हात घालून ते हलवले. थेट प्रक्षेपणात. पुन्हा घेण्याची सोय नव्हती.

दोन वर्षांनी हॅमर या छोट्या कंपनीने त्यावर सिनेमा काढला. सेन्सॉरकडून प्रौढांसाठीचं ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळालं तर लाज वाटून घेण्याऐवजी कंपनीने तेच अक्षर नावात मिरवलं, ‘क्वाटरमास एक्सपेरिमेंट’चं स्पेलिंगच बदललं. त्या यशातून हॅमरचे भयपट उभे राहिले आणि पुढची वीसेक वर्षं त्यांनी ब्रिटिश सिनेउद्योगातल्या कितीतरी लोकांच्या चुली पेटत्या ठेवल्या. बीज मात्र सार्वजनिक पैशातलं.

न्यूझीलंडची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. वेलिंग्टनच्या एका वर्तमानपत्रात छपाईसाठी फोटोंचे ठसे करणारा पीटर जॅक्सन हा तरुण १९८३च्या सुमारास सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन १६ मिलिमीटरच्या बोलेक्स कॅमेऱ्यावर सिनेमा करू लागला. परग्रहवासी एका किनाऱ्यावरच्या गावात उतरले आहेत आणि त्यांना माणसाचं मांस आपल्या खाद्यपदार्थांच्या साखळीसाठी हवं आहे, अशी कथा. इथे परोपजीवी नाहीत, पण रक्त, मेंदू आणि ओकारी यांची रेलचेल आहे. परग्रहवासीयांचे लेटेक्सचे मुखवटे जॅक्सनने आईच्या ओव्हनमध्ये भाजले. कड्याच्या टोकावर दोन माणसांची मारामारी आहे, त्यात दोन्ही भूमिका त्याच्याच. एकात दाढी आहे, एकात नाही. मधल्या काळात दाढी वाढवायची म्हणून दोन बाजूंच्या चित्रीकरणात महिनोन् महिन्यांचं अंतर, आणि संकलनात ते एकमेकांवर तुटून पडतात. हे असं चार वर्षं चाललं. मग न्यूझीलंड फिल्म कमिशनने अर्धवट झालेलं काम पाहून ते पुरं करायला पैसे दिले. ‘बॅड टेस्ट’ नावाच्या त्या सिनेमावर सरकारी निधी खर्च करताना कमिशनचे प्रमुख जिम बूथ यांनी अभिरुचीचा प्रश्न बाजूला ठेवला आणि हातात दिसतंय ते कसब पाहिलं. पुढे ते नोकरी सोडून जॅक्सनचे निर्माते झाले. वेलिंग्टनमध्ये पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ घडलं आणि जगभरच्या स्टुडिओंची कामं तिथे येऊ लागली, त्यामागे हे मुखवटे भाजणारे हात आहेत.

यावर एक चांगला आक्षेप आहे. अमेरिकेत स्वस्त सिनेमांचा निर्माता रॉजर कॉर्मन याने हेच काम सरकारचा एक पैसा न घेता केलं. ‘एलियन’ची लाट आल्यावर १९८१ साली त्याने ‘गॅलक्सी ऑफ टेरर’ काढला. त्यात कला विभाग सांभाळणारा तरुण होता जेम्स कॅमेरॉन. तुटलेल्या हातावर अळ्या वळवळायला हव्या होत्या आणि त्या हलत नव्हत्या. कॅमेरॉनने त्यांना हलका विजेचा प्रवाह दिला आणि कॅमेरा सुरू होताच त्या वळवळू लागल्या. बाजार स्वतःच गुरुकुल चालवतो, मग सरकारने मध्ये का पडावं?

दोन कारणांनी. पहिलं, कॉर्मनच्या पाठीशी अख्ख्या अमेरिकेतले ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसून सिनेमा बघायची उघडी थिएटरं होती, इंग्रजी भाषा होती, लॉस एंजेलिसमध्ये काम मागत फिरणारी हजारो मुलं होती. इंग्रजी बोलणारा कॅनडा हॉलीवूडच्या शेजारी, न्यूझीलंडची वस्ती तेव्हा तीस-पस्तीस लाखांची. तिथे फक्त बाजारावर सोडलं असतं तर क्रोनेनबर्ग सरहद्द ओलांडून गेला असता आणि जॅक्सन फोटोंचे ठसेच करत राहिला असता, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरं कारण जास्त कडू आहे. त्याच ‘गॅलक्सी ऑफ टेरर’मध्ये एक प्रचंड अळी एका अंतराळवीर स्त्रीवर बलात्कार करते. पडद्यावर नग्नता हवी, तिच्यावर सिनेमा विकायचा आहे, या कॉर्मनच्या आग्रहातून तो प्रसंग आला. परोपजीवींच्या सिनेमांवर स्त्रीदेहाच्या वापराचा आरोप होतो आणि तो खरा आहे. ‘शिव्हर्स’ही त्यातून सुटत नाही. तिथला लैंगिक हिंसाचार पाहताना मला अनेकदा मान वळवावी लागली आहे, आणि त्यातल्या काही प्रसंगांचं समर्थन मी करणार नाही. पण फक्त तिकीटबारीला उत्तर देणाऱ्या निर्मात्याकडून आपण काय मागू शकतो? फार तर बहिष्कार. जनतेचा पैसा असेल तर अट घालता येते. कलाकाराची संमती लेखी हवी, आयत्या वेळी प्रसंग बदलून अंगावर टाकायचा नाही, सेटवर दाद मागायला माणूस हवा. फुलफर्डच्या त्या मथळ्यातला तर्क इथे उलटा वापरता येतो: पैसे आपले आहेत, म्हणून सिनेमा कसा बनतो याबद्दल आपलं म्हणणं चालतं.

हे भय आपलं नाही, परकं आहे, असं म्हणणाऱ्यांना मी नारूची आठवण करून देईन. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत गेल्या पिढीपर्यंत हा रोग होता. पायविहिरीचं पाणी प्यायचं, त्यातून जंतू पोटात जायचा, वर्षभराने पायावर जळजळता फोड यायचा आणि त्यातून पांढरा दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. लांबी मीटरभर सहज. ओढून काढायला गेलं आणि तुटला तर पाय सुजून पू व्हायचा, म्हणून तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर घेत. दिवसच्या दिवस माणूस पायाला काडी बांधून बसलेला. भारतात शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. आपल्या आजोबा-पणजोबांनी जे अंगावर भोगलं ते कुठल्याही परग्रहाहून आणायची गरज नाही. दूषित पाणी, दूर असलेला दवाखाना, गावाने टाकलेला माणूस: परोपजीवीच्या भयपटाला लागणारा सगळा मालमसाला आपल्या मातीत पडून आहे.

वाचकही आहे. नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी मराठीत भयकथेची दोन-तीन पिढ्यांची सवय लावली. धारपांनी तर भयकथा आणि विज्ञानकथा यांच्यामधली भिंतच मानली नाही. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांची अवस्था बघा. पुठ्ठे निघालेले, पानं चिकटपट्टीने जोडलेली, देवाणघेवाणीच्या कागदावर तारखांच्या शिक्क्यांना जागा नाही. ही वाचनालयं १९६७च्या कायद्याने मिळणाऱ्या सरकारी अनुदानावर चालतात. म्हणजे महाराष्ट्रात जनतेच्या पैशातून भयकथा अर्धं शतक पोसली गेली आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पुस्तकाला जी मुभा आपण न मागता दिली ती सिनेमाला द्यायला मात्र हात आखडतो. धारपांच्या कथेचं बीज घेऊन ‘तुंबाड’ २०१८ साली आला तो हिंदीत. कोकणातलं गाव, मराठी माणसं, मराठी लेखकाची कल्पना, आणि भाषा शेजाऱ्याची. तो सिनेमा मला अतिशय आवडतो, म्हणूनच हे लागतं.

मराठी सिनेमाला राज्य सरकार अर्थसाहाय्य देतं, पण त्याची रीत अशी की पूर्ण झालेला सिनेमा समितीला दाखवायचा, समिती गुण देते, गुणांवरून ‘अ’ किंवा ‘ब’ दर्जा ठरतो आणि मग पैसे मिळतात. ज्याच्याकडे सिनेमा पुरा करायला भांडवल होतं त्यालाच या रांगेत उभं राहता येतं. वेलिंग्टनमधल्या त्या मुलाला ही योजना काही उपयोगाची नव्हती. त्याच्याकडे होते अर्धवट रिळांचे डबे आणि भाजलेले मुखवटे. शिवाय ‘दर्जा’ हा निकष लावायला बसलेली माणसं, कितीही प्रामाणिक असोत, पोटातून किडा बाहेर येणाऱ्या सिनेमाला आणि शेतकऱ्याच्या आत्महत्येवरच्या सिनेमाला एकाच पट्टीने गुण कसे देणार? निर्मात्यालाही हे ठाऊक असतं. तो आधीच सुरक्षित विषयाकडे वळतो. नकार कुणी देतच नाही, सिनेमा लिहिलाच जात नाही.

म्हणून वेगळी, लहान थैली हवी. पैसा पटकथेच्या टप्प्यावर थोडा आणि अर्धं काम पाहून उरलेला, असा दोनदा मिळावा. निवड करणाऱ्यांत दिग्दर्शक आणि समीक्षक यांच्याबरोबर रंगभूषाकार, ध्वनिसंयोजक आणि संकलक असावेत, कारण अशा सिनेमाचं काम जमलंय की नाही हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं. एका सिनेमाला मिळणारी रक्कम मुद्दाम तुटपुंजी ठेवावी, म्हणजे खोटं यान बांधायचा मोह होणार नाही आणि कातडीखालचा फुगा शोधावा लागेल. वर सांगितलेल्या संमतीच्या अटी कराराच्या पहिल्या पानावर असाव्यात. झालेला सिनेमा ‘प्रौढांसाठी’ असा शिक्का घेऊनच यावा, त्यात कमीपणा नाही. आणि त्याचा खर्च, कुणाला किती दिले, काय परत आलं, हे सगळं जाहीर व्हावं. नव्या फुलफर्डला चिरफाड करायची असेल तर आकडे त्याच्या हाती असावेत.

यातले बरेच सिनेमे वाईट निघतील. काही विसरले जातील, एखाद्यावरून विधानसभेत आवाज चढेल, कुणीतरी फलक घेऊन थिएटरबाहेर उभं राहील. त्या आमदाराला उत्तर द्यायची जबाबदारी निधी वाटणाऱ्यांनी घ्यावी. ती पंचवीस वर्षांच्या दिग्दर्शकावर ढकलू नये.